‘सेवा’ म्हणू नका, पगार द्या

अंथरुणाला खिळलेल्या आजीची काळजी घरीच घ्यावी, असे सांगणारे पुष्कळ आहेत. कशी घ्यावी, हे आजीला कोणी विचारत नाही. केरळने 2008 साली उपशामक काळजीचे धोरण आणले आणि पंचायतींमार्फत नर्स घरोघर जाऊ लागल्या. जखम कशी धुवायची हे नर्सला कळते. पण सकाळी गुडघे आखडतात, दुपारी सून कामावर असते, संडास गल्लीच्या टोकाला आहे, हे आजीलाच ठाऊक. दोघींनी मिळून वेळ आणि पद्धत ठरवली तर ती काळजी, नाहीतर वहीतली नोंद.

महाराष्ट्रातल्या आमच्या वस्त्यांत आशाताई येते, नाव लिहिते, पुढच्या घरी जाते. तिला तरी काय बोलणार? तिला वेतन नाही. मानधन आणि कामागणिक मोबदला. मलमूत्राला, जखमेला हात लावण्याचे काम या जातिव्यवस्थेने पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या बायांवर ढकलले. आता त्यालाच ‘सेवा’ म्हणून हार घालतात. हार तुमच्याकडेच ठेवा! प्रत्येक वस्तीला कायम पगाराची नर्स द्या, आणि काळजीचा आराखडा आमच्या आयांच्या खाटेशी बसून, त्यांना विचारून लिहा.