कळकणाऱ्या परातीला नवे काम



गेल्या वर्षी आश्विनात रब्बीच्या बीजप्रक्रियेचे सांगायला पाटोदा तालुक्यातल्या एका वस्तीवर गेलो होतो. ओसरीत भिंतीला टेकवून पितळेची मोठी परात ठेवलेली दिसली. कल्हई पार उडालेली. घरची सून म्हणाली, कल्हईवाला गावात फिरकत नाही, आंबट काही ठेवले की कळकते, उद्या भंगारवाला येणार आहे. "सासूबाईंच्या लग्नातली हाय साहेब. इकावं म्हनलं तर जीव होईना, अन् ठिवून तरी काय करावं?" दसरा झाला की नवरा-बायको कोयता घेऊन टोळीबरोबर ऊसतोडीला निघणार होते. घरी राहणार म्हातारी आणि दोन नातवंडे.

मी म्हटले, ताई, परात राहू द्या. दसऱ्या-दिवाळीला हिच्यातच फुले मांडा.

बिनकल्हईच्या पितळेत ताक, चिंच असे आंबट पडले की धातू सुटून अन्नात उतरतो, म्हणून अशा भांड्यात वाढू नये हे खरेच. फुलांना मात्र त्याची बाधा नाही. तुमच्या घरी पितळेची परात नसेल तर टवका उडालेले जर्मनचे ताट, तडा गेलेला काठवट, काहीही चालते. पसरट आणि दोन-तीन बोटे खोल असले म्हणजे झाले.

फुलांचे देठ उभे राहावेत म्हणून शहरात हिरवा स्पंज वापरतात. तो प्लॅस्टिकचाच प्रकार, उकिरड्यावर टाकला तर कुजत नाही. आपण केळीच्या खुंटाच्या तीन बोटे जाडीच्या चकत्या करून परातीत बसवाव्यात. केळ नसेल तर चिकण मातीचे ओले गोळे. काडीने भोक पाडून देठ खोचला की तो हलत नाही. जपानी लोकही पसरट भांड्यात फुले मांडतात, ते खिळ्यांच्या चकतीवर. आपली केळ काही वाईट नाही.

फुले विकत आणायची गरज नाही. परसातला झेंडू, शेवंती, कोंबडा घ्या. बांधावर तरवड पिवळा झालेला असतो, कारळ्याचे ताटवे असतात. कपाशीत उगवलेला कुर्डू तर जरूर आणा. तण म्हणून नाहीतरी तो उपटायचाच आहे, बी पडण्याआधी उपटला तर पुढच्या सालचे खुरपणही कमी. (कोवळा असताना त्याची भाजी केली असेलच.) मधे बाजरीची दोन कणसे खोचली की परातीला उंची येते.

एकच पाहुणा नको, गाजरगवत. पांढरी नाजूक फुले पाहून पोरी हौसेने आणतात. १९५० च्या दशकात पुण्याकडे दिसलेले हे तण आज आपल्या प्रत्येक बांधावर आहे. त्याने अंगाला खाज सुटते, दमेकऱ्याला त्रास होतो. घरात आणू नका.

फुले सकाळी ऊन चढण्याआधी तोडावीत. देठ तिरपा कापावा आणि पाण्यात बुडणारी पाने काढून टाकावीत. झेंडूचे पाणी याच पानांनी नासते आणि वास मारते. पाणी रोज बदला. हे निव्वळ फुलांसाठी सांगत नाही. डेंग्यूचा डास अशाच साठल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याचे डास होतात. तांब्याभर पाणी पुरते, आणि जुने तुळशीला घातले की वायाही जात नाही.

आता माझ्या खात्याचे एक काम त्यातच उरकून घ्या. परातीच्या मधोमध बुडाला भोक पाडलेली पसरट कुंडी ठेवा, खाली विटेचा तुकडा द्या म्हणजे ती पाण्यात बुडणार नाही. तीत पेरणीसाठी राखलेल्या घरच्या गव्हाचे मोजून शंभर दाणे पेरा. आठ दिवसांत हिरवीगार लव दिसेल. अंकुर मोजा. पंच्याऐंशी किंवा जास्त आले तर बियाणे चांगले. सत्तरच आले तर पेरताना बियाणे वाढवा, त्याहून कमी असेल तर बदला. औषध लावलेले बी मात्र घरात पेरू नका, पोरे हात घालतात.

त्या ताईंनी दसऱ्याला परात मांडली. निघायच्या आदल्या दिवशी मला निरोप आला, म्हातारीला रोज पाणी बदलणे होणार नाही, काय करू? मी सांगितले, पाणी काढून टाका, परात कोरडी करा. कुर्डू आणि कोंबडा आठवडाभर सावलीत उलटे टांगून वाळवलेले चालतात, रंग टिकतो. सोबत कापसाची उमललेली बोंडे काडीसकट खोचा, आधाराला कोरडी वाळू भरा. अशी परात महिनोन्‌महिने राहते. चीर गेलेल्या भांड्यालाही हाच उपाय.

कारखान्याचा पट्टा पडून मंडळी परत आल्यावर मी पुन्हा त्या वस्तीवर गेलो. परात ओसरीत कोनाड्याखाली तशीच होती. कुर्डू थोडा फिकटला होता. बोंडे मात्र रिकामी होती. म्हातारीने त्यातला कापूस काढून सरकी वेगळी केली होती आणि हिवाळाभर देवापुढच्या वाती वळल्या होत्या.