दगड मागताना वाळूचाही हिशेब मागा



पावसाळ्यात किनारा खचला की आपली एकच मागणी असते, दगड टाका, बंधारा घाला. दर्या ज्याच्या दारात आला त्याला थांबायला वेळ नसतो, हे मान्य. तरी बंधारा कसला आणि कुठे, हे विचारल्याशिवाय निवेदनावर सही करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

किनाऱ्याला लागून घातलेली दगडी भिंत मागचं घर, रस्ता वाचवते. पुढची पुळण वाचवत नाही. लाट दगडावर आपटून परतते आणि पायथ्याची वाळू ओढून नेते. मग रापण ओढायची कुठे? होडी वर घ्यायची कुठे? मासे सुकवायचे कुठे?

समुद्रात घातलेला ब्रेकवॉटर आत शांत पाणी देतो. जेटीला ते हवंच. पण किनाऱ्यालगत वाहणारी वाळूही तो अडवतो. पुदुच्चेरीत १९८० च्या दशकात बंदरासाठी ब्रेकवॉटर बांधले. तिथे वर्षातला बराच काळ वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे जाते. दक्षिणेला पुळण वाढली, उत्तरेला शहरासमोरची गेली. शहर वाचवायला दगड टाकले, तर धूप पुढे सरकून उत्तरेच्या मच्छीमार गावांना भिडली.

केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या मुदलपोळीला तर बंदराच्या मुखाशीच वाळू साचते. दोन्ही बाजूंना ब्रेकवॉटर असूनही होड्या उलटून कितीतरी मच्छीमार गेले. २०२५ मध्ये वाळूने ते मुखच बंद झालं होतं.

आपल्या शापोरा आणि साळ नदीच्या मुखांवर वाळूचा त्रास आहेच. ब्रेकवॉटर नकोच, असं आम्ही म्हणत नाही. पण मागणीपत्रात तीन गोष्टी हव्यात:

१. दोन्ही बाजूंच्या किनाऱ्यांचा पावसाळ्यासकट वर्षभराचा अभ्यास.
२. साचलेली वाळू उपसून धूप होणाऱ्या बाजूला टाकण्यासाठी दरवर्षीचा निधी.
३. काम सुरू होण्याआधी शेजारच्या वाड्यांशी बैठक.

उपाय असतात. पुदुच्चेरीतच पुढे पाण्याखाली कृत्रिम रीफ बसवला, वाळू टाकली, तेव्हा शहरासमोर पुळण पुन्हा दिसू लागली.

आपल्या दारातली धूप शेजारच्या वाड्यावर ढकलून आपण सुटत नाही. तिथेही आपलेच रापणकार आहेत. तुमच्या किनाऱ्यावर दगड टाकल्यावर काय झालं, ते खाली जरूर लिहा. पुढच्या निवेदनात ते घालता येईल.