विश्लेषण : ट्रॅक्टरच्या डॅशबोर्डवरचा कोड पुसण्याआधी वाचा

सोयाबीन काढणीला आलेले, आभाळ भरून आलेले आणि भाड्याने बोलावलेला हार्वेस्टर बांधालगत उभा. इंजिन सुरू होते, पण ओढत नाही. डॅशबोर्डवर पिवळा दिवा आणि त्याखाली दोन आकडे. मग चालक बॅटरीची वायर काढतो, थोड्या वेळाने पुन्हा जोडतो. दिवा कधी विझतो, कधी नाही. बिघाड बहुतेक वेळा जागच्या जागी असतो. तो कुठे शोधायचा हे सांगणारे आकडे मात्र कुणीच लिहून घेतलेले नसतात.

हे आकडे आले कुठून?

देशात ५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरना १ जानेवारी २०२३ पासून प्रदूषणाचे ट्रेम-४ निकष लागू झाले. ते पाळायचे तर इंजिनात डिझेल किती आणि नेमके कधी सोडायचे, यावर बारीक नियंत्रण लागते. जुन्या यांत्रिक पंपाला ते अवघड होते. म्हणून कॉमन रेल आली, सेन्सर आले आणि या सगळ्यावर नजर ठेवणारा ईसीयू, म्हणजे इंजिनचा छोटा संगणक आला. देशात विकले जाणारे बहुतांश ट्रॅक्टर ५० अश्वशक्तीच्या आतले असल्याने हा प्रश्न अजून घरोघरी पोहोचलेला नाही. पण मोठी यंत्रे सहसा एकाच मालकाच्या शेतात राबत नाहीत. एक हार्वेस्टर थांबला की रांगेतल्या सगळ्यांची काढणी थांबते.

कोडमध्ये नेमके काय असते?

मोठ्या डिझेल यंत्रांसाठी जे-१९३९ ही पद्धत जगभर वापरली जाते. तिच्यात कोडचे दोन भाग असतात. पहिला एसपीएन : तक्रार कोणत्या मोजमापाबद्दल आहे. १०० म्हणजे इंजिन ऑइलचा दाब, ११० कूलंटचे तापमान, १५७ कॉमन रेलमधला डिझेलचा दाब, १६८ बॅटरीचा व्होल्टेज, ९७ डिझेलमधले पाणी. दुसरा भाग एफएमआय : त्या मोजमापाचे काय बिघडले. हा आकडा ० ते ३१ यांपैकी असतो.

लोक पहिला आकडा बघतात आणि तिथेच थांबतात. खरी माहिती दुसऱ्यात असते. १०० आणि १ असे आले, तर ऑइलचा दाब धोक्याच्या पातळीखाली गेला आहे. इंजिन तिथल्या तिथे बंद करायचे, आणखी एक फेराही मारायचा नाही. १०० आणि ४ आले, तर सेन्सरकडून येणारा व्होल्टेज प्रमाणाबाहेर कमी आहे. म्हणजे ऑइलपेक्षा सेन्सरवर किंवा वायरिंगवर संशय जास्त. तरी डिपस्टिक काढून ऑइल बघावेच, कारण सेन्सर आंधळा झाला असेल तर दाब खरोखर उतरल्यावर ओरडणार कोण?

ढोबळमानाने ३, ४ आणि ५ हे विजेच्या जोडणीचे आकडे. अशा वेळी नवा सेन्सर मागवण्याआधी कनेक्टर उघडून पाहावा. गंजलेली पिन, चिखलपाणी, घासलेली वायर किंवा गोठ्यात उभ्या ट्रॅक्टरच्या वायरिंगवर उंदरांनी केलेली मेहनत, कारण बऱ्याचदा एवढेच निघते.

कोड सुटा भाग सांगत नाही, ही गोष्ट सर्वाधिक महागात पडते. १५७ आणि १८ म्हणजे रेलमधला दाब हवा त्यापेक्षा कमी. त्यामागे तुंबलेले फिल्टर असू शकते, डिझेलच्या पाइपमधून शिरणारी हवा असू शकते, गळका इंजेक्टर असू शकतो किंवा पंपही. स्वस्त गोष्टी आधी तपासायच्या, पंप शेवटी. प्रत्यक्षात मात्र अनेकदा सुरुवातच पंपापासून होते. ९७ आला तर वॉटर सेपरेटरमधले पाणी काढावे आणि डिझेलचा ड्रम पावसात उघडा होता का, ते आठवावे.

लाल दिवा म्हणजे थांबा. पिवळ्या दिव्यावर यंत्र चालते, पण ईसीयू स्वतःहून ताकद कमी करू शकतो. दोन्ही वेळी आधी मोबाइलवर डॅशबोर्डचा फोटो काढावा. इंजिनचे तास आणि कोणते काम चालू होते, हेही नोंदवावे. कोड किती वेळा आला याची मोजणीही ईसीयू ठेवतो. एकदाच आलेला आणि दिवसात वीस वेळा आलेला, या दोन बिघाडांचा शोध वेगळ्या तऱ्हेने घ्यावा लागतो.

मग अडते कुठे?

सगळे कोड असे सरळ नसतात. ५ लाख २० हजारांच्या पुढचे बरेचसे एसपीएन कंपन्यांच्या स्वतःच्या वापरासाठी आहेत. त्यांचा अर्थ कंपनीच सांगू शकते. कारसाठीचा स्वस्त स्कॅनर इथे अनेकदा चालत नाही आणि कंपनीचे सॉफ्टवेअर गावच्या मिस्त्रीकडे नसते. ज्याने आयुष्यभर इंजिने उघडली, तो अशा वेळी हात बांधून उभा राहतो. हे तांत्रिक अपरिहार्यतेतून झालेले नाही, हा कंपन्यांचा व्यावसायिक निर्णय आहे.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात १ जानेवारी २०२४ पासून शेती यंत्रांच्या कंपन्यांना सुटे भाग, साधने, सॉफ्टवेअर आणि माहिती मालकाला आणि स्वतंत्र मेकॅनिकला द्यावी लागते. भारतात केंद्राने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या चार क्षेत्रांत शेती अवजारे होती. त्याच डिसेंबरात पोर्टलही सुरू झाले. पण कंपन्यांवर बंधन घालणारा तसा कायदा नाही. अनुदानावर यंत्रे देणाऱ्या सरकारला निदान एक अट घालता येईल : अनुदान हवे असेल, तर कोडची पूर्ण यादी मराठीत, यंत्रासोबत.

तोवर मोठा ट्रॅक्टर किंवा हार्वेस्टर घेताना शोरूममध्येच विचारून घ्यावे : कोड डॅशबोर्डवर दिसतो की त्यासाठी लॅपटॉप लागतो, यादी हातात मिळते का आणि हंगामात सर्व्हिसचा माणूस किती तासांत शेतावर येईल. उत्तर बिलासोबत लेखी घ्यावे.