चिनी माल, इंग्रजी शाळा आणि आमची मुले

मुंबईच्या अब्दुल रहमान स्ट्रीटपासून भिवंडी-मालेगावपर्यंत आमच्या बांधवांच्या दुकानात किंवा कारखान्यात चिनी वस्तू नाही अशी जागा आता शोधावी लागेल. बटणे, चेन, कुलपे, खेळणी, शिवणयंत्रे, भरतकामाची संगणकी यंत्रे, सारे तिकडचे. हा माल आणायला आमची माणसे यिवू आणि ग्वांगझूला जातात. तेथे भाव कॅल्क्युलेटरवर आकडे दाखवून ठरतो. पण मालाची जात, पोचवण्याची मुदत, खराब निघाल्यास भरपाई कोणाची, असे आकड्याच्या पलीकडचे काही बोलायचे झाले की दुभाषा लागतो. दुभाषा बहुधा एजंटचाच माणूस असतो. तो कोणाच्या बाजूने बोलतो, हे कंटेनर उघडल्यावर ज्याने कपाळाला हात लावला आहे त्याला विचारावे.

मग मनात येते, आपला मुलगा चिनी बोलत असता तर! या इच्छेवर आता एक नवा धंदा उभा राहत आहे. मूल बालवाडीत असतानाच त्याला परक्या भाषेत बुडवून काढायचे, याला ‘इमर्शन’ असे भारदस्त नाव आहे. इंग्रजीच्या बाबतीत हा प्रकार आमच्या गल्लीबोळांत पोचला आहे. मँडरिन, म्हणजे चीनची राजभाषा, अजून बड्या शहरांतील महागड्या शाळांपुरती आहे. फी भरण्याआधी ही पद्धत मुळात कोठे चालली आणि कशामुळे चालली, हे आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी पाहावे असे आम्हाला वाटते.

तिची प्रसिद्ध सुरुवात १९६५ साली कॅनडात, माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट या वस्तीत झाली. फ्रेंच प्रांतात राहूनही आपल्या मुलांना फ्रेंच येत नाही, म्हणून तेथील इंग्रजी भाषिक पालकांनी बालवर्गापासून सगळे शिक्षण फ्रेंचमध्ये देणारा वर्ग सुरू करवला. मॅकगिल विद्यापीठाचे वॉलेस लँबर्ट आणि रिचर्ड टकर यांनी त्या मुलांची वर्षानुवर्षे पाहणी केली. मुले फ्रेंच शिकली आणि त्यांचे इंग्रजीही बिघडले नाही. जाहिराती येथवर सांगून थांबतात. त्या वर्गातील शिक्षिकांना मुलांची भाषा कळत होती, मूल सुरुवातीला इंग्रजीत उत्तरले तरी चालत होते, आणि पुढच्या इयत्तांत इंग्रजीचे वाचन-लेखन शिकवले जात होते, हे त्या सांगत नाहीत. घर, बाजार, टीव्ही तर इंग्रजीच होता. लँबर्ट यांनीच पुढे बेरजेची भाषा आणि वजाबाकीची भाषा असा भेद केला. दुकानदाराला तो समजावून सांगायला नको. मुद्दल शाबूत ठेवून मिळतो तो नफा, मुद्दल खाऊन मिळतो तो नव्हे.

आमच्या वाचकांना अधिक जवळचे उदाहरण मलेशियाचे. तेथे सरकारी व्यवस्थेत सुमारे १,३०० चिनी प्राथमिक शाळा आहेत. गणित, विज्ञान सारे मँडरिनमधून, शिवाय मलय आणि इंग्रजी हे विषय. पूर्वी त्यांत जवळपास चिनी मुलेच असत. आज सुमारे पाचवा हिस्सा मुले चिनी नसलेल्या घरांतली आहेत, आणि त्यांतली बहुतेक मलय मुस्लिम आहेत. या पालकांना चिनी संस्कृतीचे वेड लागलेले नाही. शिस्त, गणित, आणि उद्या व्यापारात व नोकरीत ही भाषा उपयोगी पडेल हा हिशेब. दीन सुटेल ही भीती त्यांनाही होतीच. पण शाळेत पाच किंवा अधिक मुस्लिम विद्यार्थी असतील तर त्यांना इस्लामी शिक्षण दिले पाहिजे, असे तेथील १९९६ च्या शिक्षण कायद्यातच लिहिले आहे.

आता खर्चाची बाजू. ज्या आईबापांना चिनी अक्षर ओळखता येत नाही त्यांना मुलाचा गृहपाठ तपासता येत नाही, म्हणून शिकवणी लावावी लागते. सहा वर्षांनंतर सरकारी माध्यमिक शाळेत माध्यम मलय होते, आणि ज्यांचे मलय कच्चे राहिले त्यांचे एक वर्ष मधल्या वर्गात जाते. तरीही तेथे ही पद्धत चालते, कारण वर्गातील शिक्षक चिनी आहे, शेजारच्या बाकावरचा मुलगा चिनी आहे आणि कोपऱ्यावरचा दुकानदारही चिनी आहे. देशातील पाचांपैकी एकाहून अधिक माणसे चिनी वंशाची आहेत. मालेगावात हे वातावरण कोणती शाळा आणणार, आणि कोठून?

याच मलेशियाने २००३ मध्ये गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकवायला घेतले आणि २००९ मध्ये तो निर्णय फिरवला. गावाकडच्या शाळांत मुले मागे पडू लागली होती आणि शिक्षकांनाच इंग्रजी पेलत नव्हते. आमच्याकडे जे सेमी-इंग्रजीचे वर्ग भराभर काढतात त्यांनी ही गोष्ट जरूर वाचावी.

सिंगापूरचे नाव तर प्रत्येक माहितीपत्रकात असते. तेथे १९७९ पासून ‘मँडरिन बोला’ ही मोहीम सरकारने चालवली आणि १९८७ पासून सर्व शाळांचे मुख्य माध्यम इंग्रजी झाले. परिणाम? २०२० च्या जनगणनेत निम्म्याच्या आसपास, म्हणजे ४८ टक्के रहिवाशांनी घरात सर्वाधिक बोलली जाणारी भाषा इंग्रजी सांगितली. होक्कियन, तिओच्यू या आजी-आजोबांच्या बोली नातवंडांच्या तोंडून गेल्या. ज्यांनी हे सारे घडवले ते ली कुआन यू स्वतः म्हातारपणापर्यंत मँडरिनचे धडे गिरवत होते! तेथे स्थायिक झालेल्या मराठी घरांचीही अडचण आहे. शाळेत घेता येणाऱ्या भारतीय भाषांत तमिळ, हिंदी, उर्दू, बंगाली, गुजराती, पंजाबी आहेत, मराठी नाही.

आता आपल्या घरात पाहू. आमच्या बहुतेक मुलांच्या घरात उर्दू किंवा कोकणी, गल्लीत मराठी, मकतबात अरबी अक्षरे आणि शाळेत रोमन. सहा वर्षांच्या जिवाच्या पाटीवर आधीच तीन-चार लिप्या आहेत. आमचा समाज एक गोष्ट इतरांपेक्षा चांगली जाणतो. नाझरा कुरआन अस्खलित वाचणारे मूल अरबी समजत नसते. त्या तिलावतीचा सवाब आहे, आणि अर्थ समजत नसल्याची कोणी लपवाछपवीही करत नाही. पण इंग्रजी शाळेत मूल कविता आणि प्रश्नोत्तरे तशीच पाठ म्हणते, तेव्हा मात्र आईबाप त्याला इंग्रजी आले असे मानून कर्ज काढतात. चौथीत त्याच मुलाला बापाच्या बिलबुकातला मजकूर ना मराठीत वाचता येतो, ना उर्दूत, ना इंग्रजीत. मुलींचे नुकसान याहून मोठे. एकाच पोराची फी परवडते, मग ती मुलाची भरली जाते आणि मुलीला दुय्यम शाळा मिळते.

इंग्रजी नको असे आम्ही म्हणत नाही. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी-उर्दू शाळांतही पहिलीपासून इंग्रजी विषय आहे. तो विषय नीट शिकवला जातो का, यासाठी जमातीने आणि शाळा चालवणाऱ्या अंजुमनांनी कंबर कसावी. चांगला इंग्रजी शिक्षक नेमण्याचा खर्च वीस घरांनी मिळून उचलला, तर तो वीस महागड्या फियांपेक्षा कमीच पडेल.

मँडरिनसाठी मात्र बालवाडी ही जागाच नव्हे. अमेरिकेचे परराष्ट्र खाते आपल्या अधिकाऱ्यांना ती कामापुरती यायला सुमारे २,२०० तास वर्गात लागतात असे धरते. रोज दोन तास, वर्षाला तीनशे दिवस धरले तरी साडेतीन वर्षांहून जास्त. एवढी मेहनत कशासाठी ते ज्याला कळते त्यानेच ती करावी, म्हणजे दहावी-बारावी होऊन गल्ल्यावर बसू लागलेल्या मुलाने किंवा मुलीने. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी पत्रव्यवहारासाठी यहुद्यांची लिपी शिकायला सांगितले ते हजरत झैद बिन साबित (रजि.) यांना, आणि ते तेव्हा समजत्या वयाचे नवयुवक होते. (ज्ञानासाठी चीनपर्यंत जाण्याचे जे वचन जलशांत हमखास ऐकवले जाते, त्याची सनद हदीसचे जाणकार कमजोर मानतात. झैद (रजि.) यांचा दाखला जास्त भक्कम आहे.)

शिकणाऱ्या तरुणाला एक दिलासा. चिनीत प आणि फ, त आणि थ, क आणि ख हे भेद महत्त्वाचे आहेत. मराठी-उर्दू बोलणाऱ्याला ते जड जात नाहीत. मराठीतल्या ‘चाळ’ आणि ‘चूल’मधला दंत्य च तर चिनीत जशाच्या तसा आहे. अडते ते सुरांवर. ‘माय’ हा एकच शब्द सूर खाली नेऊन वर उचलला तर ‘विकत घेणे’, आणि वरून झटक्यात खाली आणला तर ‘विकणे’. चार आणि दहा यांचे उच्चारही दक्षिण चीनमधले पुष्कळ लोक जवळजवळ सारखेच करतात. असा विद्यार्थी एचएसके या चिनी सरकारी परीक्षेच्या पायऱ्या चढत गेला तर प्रगती मोजता येते, आणि पहिल्या दोन-तीन पायऱ्यांवरच दुभाषा काय गाळतो आहे याचा अंदाज येऊ लागतो.

लहानग्यांच्या प्रवेशासाठी रांगेत उभे राहणाऱ्यांनी माहितीपत्रक बाजूला ठेवून पहिलीच्या वर्गाच्या दाराशी दहा मिनिटे थांबावे. बाई स्वतः सलग इंग्रजी बोलतात का, मुले स्वतःच्या मनाने एखादे वाक्य बोलतात की फक्त मागून म्हणतात, आणि मूल अडले तर बाईंना त्याच्या घरची भाषा कळते का, ते ऐकावे. दाराशी उभे राहू देत नसतील, तर फीची रक्कम खिशातच ठेवावी.