आधी खड्डा, मग पेटी

‘वीज पडायची ती पडणारच, तिला भिंतीवरची पेटी काय अडवणार?’ कळवणात मेन बोर्डातल्या एसपीडीचा, म्हणजे सर्ज रोखणाऱ्या उपकरणाचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. यातलं अर्धं खरं आहे. घरावर थेट वीज कोसळली तर तो मारा एकट्या पेटीला पेलत नाही. पण वीज लांब कुठे, अभोण्याच्या बाजूला एखाद्या लाईनजवळ पडली तरी तारांवर उसळी उठते आणि मीटरमधून घरात शिरते. टीव्ही, राउटर, फ्रिजचे बोर्ड उडायला तेवढी पुरते. ही उसळी दाबता येते. पेटीत झिंक ऑक्साइडचा व्हॅरिस्टर असतो. तो एरवी गप्प बसतो. दाब मर्यादेपलीकडे गेला की वाहक बनतो आणि उसळीला बाहेरची वाट देतो.

‘आमच्याकडे स्टॅबिलायझर आहे, एमसीबी आहे,’ असंही सांगतात. असू द्या, दोन्ही हवेतच. पण हे काम त्यांचं नाही. त्यांची हालचाल मिलिसेकंदांतली आणि उसळी मायक्रोसेकंदांतली. एमसीबी पडेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. गडगडायला लागताच पिना काढून ठेवणाऱ्यांशी मात्र माझं भांडण नाही; त्याहून स्वस्त आणि पक्का उपाय नाही. फक्त कांदा चाळीत भरायच्या घाईत घरी कोण असतं आणि रात्री दोनला फ्रिजची पिन काढायला कोण उठतं, एवढं त्यांनी सांगावं.

आता दुसऱ्या बाजूकडे वळू, कारण पेटी विकणारेही काही कमी नाहीत. ‘लावा आणि निश्चिंत झोपा’ हे त्यांचं म्हणणं तर अधिक महागात पडतं. उसळी जमिनीत सोडायची तर जमिनीपर्यंत वाट हवी. आपल्याकडच्या कितीतरी जुन्या घरांत थ्री-पिनचा पॉइंट उघडून बघा: हिरवी वायर कापून, गुंडाळून आत कोंबलेली असते. कुठे तर न्यूट्रलवरूनच तुकडा टाकून ‘अर्थिंग’ केलेलं असतं. तो प्रकार जीवघेणा आहे. न्यूट्रल तुटला की फ्रिजचं दार धरणाऱ्याला शॉक बसतो. अशा घरात पेटी फेज आणि न्यूट्रलमधली उसळी थोडीफार दाबेल, पण निम्म्याहून अधिक काम बाद.

त्यात आपली जमीन. वीतभर मातीखाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. अर्थिंगचा खड्डा तिथे जेमतेम उतरतो. आणि वळवाच्या विजा नेमक्या एप्रिल-मेमध्ये येतात, जेव्हा तो खड्डा ठणठणीत कोरडा असतो. संरक्षणाची गरज सर्वाधिक असते त्याच दिवसांत अर्थिंग सर्वात दुबळं. म्हणून चैत्रात, गडावरची यात्रा सुरू असतानाच, खड्ड्यात पाणी सोडावं आणि वायरमनकडून अर्थ टेस्टरने रोध मोजून घ्यावा. पाच ओहमच्या आत आला तर उत्तम. नुसता बल्ब लावून ‘पेटतो ना?’ ही तपासणी नव्हे.

मग पेटी. साध्या घराला टाइप 2 पुरते. छतावर वीजरोधक दांडा असेल तर टाइप 1 अधिक 2 घ्यावी. रात्री शेतातल्या मोटारी बंद झाल्या की आपल्याकडे दाब चढतो, म्हणून सतत सोसायच्या व्होल्टेजचा आकडा 275 ऐवजी 320 चा बघावा. आणि वायरची लांबी! फेजपासून पेटीपर्यंत आणि पेटीपासून अर्थच्या पट्टीपर्यंत मिळून अर्ध्या मीटरच्या आत. बोर्ड नीटस दिसावा म्हणून वायरचे वेटोळे घालणारा वायरमन पेटीचा निम्मा गुण तिथेच घालवतो, कारण एवढ्या वेगवान प्रवाहाला मीटरभर तारेवरच हजारभर व्होल्ट उभे राहतात. पेटी ईएलसीबीच्या आधी बसवावी. तिच्यावरची हिरवी खिडकी लाल झाली की ती संपली. पावसाळ्याआधी आणि नंतर तिकडे नजर टाकावी. छतावर सोलर असेल तर त्याच्या बॉक्समधल्या पेट्या मुख्यतः सोलरसाठी असतात. त्यांच्या भरवशावर घराचा बोर्ड मोकळा ठेवू नये.

राहिला डीपीवरचा न्यूट्रल. तो सुटला की घरात चारशेच्या आसपास व्होल्ट येऊ शकतात आणि मिनिटंच्या मिनिटं टिकतात. तिथे सर्जची पेटी कामाची नाही, उलट तापून जळते. त्यासाठी दाब वाढताच लाईन तोडणारं वेगळं व्होल्टेज प्रोटेक्टर लागतं. दुकानदार हे क्वचितच सांगतो, विचारा.

पैसे एकदम जमत नसतील तर क्रम असा ठेवा: यंदा अर्थिंग आणि ईएलसीबी, मग व्होल्टेज प्रोटेक्टर, मग एसपीडी. आणि वायरमन ‘अर्थिंग आहे की’ म्हणाला, तर त्याच्याकडून आकडा कागदावर लिहून घ्या.