गोठा तिचा, बिल्ला कोणाच्या नावावर?

आपल्या गोठ्यातली गाय कोणाच्या पावलाचा आवाज ओळखते? कोणाचा हात लागला की पान्हा सोडते? बहुतेक घरांतले उत्तर एकच, घरातल्या बाईचा. शेणगोठा, वैरण-पाणी, आंबोण, धार हे सगळे तिच्याकडे. बाजाराचा दिवस आला की दावे मात्र धन्याच्या हाती.

२०२२ साली लंपीची साथ आली ती आठवा. गाठी फुटलेल्या, पाय सुजलेल्या जनावराच्या जखमा धुणे, माश्या बसू नयेत म्हणून कडुनिंबाचा धूर करणे, तोंडाशी पातळ आंबोण धरणे, ही कामे घरोघरी बायांनीच केली. राज्य सरकारने दगावलेल्या दुधाळ गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार आणि वासराला १६ हजार रुपये मदत ठरवली. मदत देणे योग्यच होते. पण पैसे गेले मालकाच्या खात्यावर. रात्र रात्र जागणारीचे नाव कागदावर किती ठिकाणी होते, हे आपापल्या गावात विचारून पाहा.

प्राण्यांशी माणसाने कसे वागावे, याचा विचार जगात बराच झाला आहे. पीटर सिंगर यांचे ‘अ‍ॅनिमल लिबरेशन’ १९७५ साली आले, टॉम रेगन यांचा प्राण्यांच्या हक्कांवरचा ग्रंथ १९८३ साली. दोघांनीही प्राण्यांची बाजू जोरात मांडली, पण आपले म्हणणे भावनेचे नाही, तर्काचे आहे, असे ठासून सांगितले. त्यावर १९९० साली जोसेफिन डोनोव्हन या अमेरिकन स्त्रीवादी लेखिकेने बोट ठेवले. माया, काळजी म्हणजे बायकी हळवेपणा असे समजून ती बाजूला का सारायची? जनावर काय सांगते आहे ते लक्ष देऊन ऐकणे, हेही ज्ञानच आहे, असे तिचे म्हणणे.

आपल्याकडे हे कोणाला पटवून द्यायला नको. गाय रवंथ करत नाही, म्हैस आज अंग चोरते आहे, हे डॉक्टर येण्याआधी घरातल्या बाईला कळते. या कळण्याला मान किती, हा खरा प्रश्न.

२०१५ च्या कायदा दुरुस्तीने आपल्या राज्यात गाईबरोबर बैल व वळू यांच्याही कत्तलीला बंदी आली. बाजूने आणि विरोधात पुष्कळ बोलले गेले. त्या गलक्यात गोठा झाडणारीचा आवाज फारसा ऐकू आला नाही. म्हातारा बैल आणि संकरित गाईचा गोऱ्हा दावणीला राहिला, तर त्याची वैरण आणायची कोणी? गोऱ्ह्याला दूध न देता उपाशी मारायचे, तर ते डोळ्यांनी पाहायचे कोणी? गाईला माता म्हणणे सोपे आहे. माता म्हणून तिची सेवा करणारीला विचारणे मात्र आपण विसरतो.

२०२४ मध्ये गाईच्या दुधाला लिटरमागे ५ रुपये अनुदान मिळाले. त्यासाठी जनावराच्या कानातला १२ अंकी बिल्ला आणि उत्पादकाचे बँक खाते यांची नोंद लागली. म्हणजे बिल्ला कोणाच्या नावावर, याला आता पैशाचे मोल आहे. सातबारावर बाईचे नाव लावायला वारस, फेरफार अशी मोठी वाट आहे. गाईच्या नोंदीला तेवढी अडचण नसावी.

सरपंच आणि ग्रामसेवकांनी एवढे करावे. लसीकरणाचे शिबिर बायांना सवडीच्या वेळी ठेवावे. नोंद करताना ‘जनावर कोण सांभाळते?’ हा प्रश्न विचारावा. दूध संस्थेने बाईला सभासद करून घ्यावे. आणि शेतकरी दादांनो, जनावर बाजारात नेण्याआधी घरात एकदा विचारा. ज्या हाताने चारा घातला, त्या हाताला दावे सोडायचे की नाही, हे सांगायचा हक्क आहे.