रस्त्याच्या पलीकडची शाळा

सोमवारी सकाळी चहा गाळत होते, तेवढ्यात भाच्याचा फोन आला. कॅलिफोर्नियात सनीवेलला असतो तो, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. त्याची लेक आता आठवीत आहे. पुढच्या वर्षी हायस्कूल, म्हणून भाड्याचं घर सोडून स्वतःचं घ्यायचं चाललंय. "मावशी, तक्ता पाठवलाय बघ. तू शाळेत शिकवलंयस, तुला कळेल," म्हणाला.

तक्त्यात एकोणीस घरं होती. किंमत, खोल्या, बांधल्याचं साल, कर्जाचा हप्ता, सगळं नीट मांडलेलं. त्यात एकाच रस्त्याच्या अलीकडे-पलीकडे अशी दोन घरं दिसली. दोन्हींना तीन झोपायच्या खोल्या, दोन्ही साठीला आलेली, दोन्हींच्या मागे एकेक लिंबाचं झाड. आणि किमतीत एवढा फरक, की त्यात आमच्या कोथरूडात चांगला फ्लॅट यावा.

"का रे?"

"अगं, अलीकडची मुलं एका हायस्कूलला जातात, पलीकडची दुसऱ्या. शेवटचा रकाना बघ."

शेवटच्या रकान्यात शाळेचं नाव आणि त्यापुढे दहापैकी गुण. कुठल्याशा संकेतस्थळाने दिलेले.

"बरं, या शाळा चालवतं कोण?" मी विचारलं.

"डिस्ट्रिक्ट."

"म्हणजे कोण?"

"म्हणजे... काउंटी असेल. नाहीतर शहर."

माझा आवाज चढला. ज्या शाळेसाठी हा मुलगा तीस वर्षं हप्ते भरायला निघालाय, ती कोणाच्या हातात आहे हे त्याला सांगता येईना. अकरा वर्षं तिथे राहून. फोन ठेवला तेव्हा चहा गार झाला होता, पण प्रश्न डोक्यातून जाईना. गेला आठवडाभर तोच घोळतोय.

आधी माहिती सांगून टाकते. फ्रीमाँट युनियन हायस्कूल डिस्ट्रिक्ट असं त्या कारभाराचं नाव. खाडीपलीकडच्या फ्रीमाँट शहराशी त्याचा काही संबंध नाही. नववी ते बारावीच्या पाच मोठ्या सरकारी शाळा त्यात येतात: फ्रीमाँट, होमस्टेड, कुपर्टिनो, लिनब्रूक आणि मॉन्टा व्हिस्टा. मुलं नऊ-दहा हजार, कुपर्टिनोची, बऱ्याचशा सनीवेलची आणि आजूबाजूच्या सॅन होजे, सॅराटोगा, लॉस आल्टोसच्या काही भागांतली. हा कारभार शहराच्याही ताब्यात नाही आणि काउंटीच्याही. पाच विश्वस्तांचं स्वतंत्र मंडळ असतं, चार वर्षांसाठी लोकांनी निवडलेलं. पूर्वी सगळे मतदार पाचही जागांना मत द्यायचे, आता विभागवार एकेक विश्वस्त निवडतात. हे मंडळ सुपरिंटेंडेंट नेमतं, अंदाजपत्रक मंजूर करतं, कुठल्या रस्त्यावरची मुलं कुठल्या शाळेत जातील ती रेघ आखतं. आठवीपर्यंतच्या शाळा वेगळ्याच मंडळांकडे. म्हणजे माझ्या भाच्याच्या लेकीच्या शिक्षणाची दोन मंडळं, दोन निवडणुका. त्याच्या तक्त्यात यातलं काही नव्हतं.

शाळा चांगल्या आहेत यात वाद नाही. लिनब्रूक आणि मॉन्टा व्हिस्टा ही नावं राज्यातल्या उत्तम शाळांत घेतली जातात. पण दहापैकी गुण देणारे ते आकडे मला पटत नाहीत. पस्तीस वर्षं वर्गात काढल्यावर एवढं नक्की कळतं, की परीक्षेच्या गुणांत शाळेआधी घर दिसतं. ज्या घरात आईवडील दोघंही इंजिनिअर, संध्याकाळी गणिताची शिकवणी, टेबलावर पुस्तकं, तिथलं मूल शाळेत येतानाच गुण घेऊन येतं. फ्रीमाँट हायस्कूलमध्ये स्पॅनिश बोलणाऱ्या, हातावर पोट असणाऱ्या घरांतली मुलं जास्त येतात. तिथल्या शिक्षकाने अशा एका मुलाला कुठून कुठे नेलं, हे त्या रकान्यात मावत नाही. राज्य सरकार स्वतः शाळांना एकच आकडा देत नाही. २०१७ पासून ते गणित, भाषा, गैरहजेरी, बारावी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण असे वेगवेगळे विषय पाच रंगांत दाखवतं, आणि गरीब मुलं, इंग्रजी शिकत असलेली मुलं यांचे रंग वेगळे दाखवतं. ते वाचायला वेळ लागतो. पण आयुष्यभराचं कर्ज काढणाऱ्याने तेवढा वेळ द्यायला हवा.

पैशाची गोष्टही अशीच आडवळणाची आहे. १९७८ साली कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी मालमत्ता करावर लगाम घातला. घर घेतलं त्या वेळच्या किमतीवर एक टक्का कर, आणि करासाठी धरायची किंमत वर्षाला फार तर दोन टक्क्यांनी वाढणार. त्यामुळे चाळीस वर्षांपूर्वी घर घेतलेला शेजारी आणि आज घेणारा माझा भाचा यांच्या करात जमीन-अस्मानाचा फरक. तरीही या भागात घरं आणि कंपन्या इतक्या महाग, की राज्याने एका मुलामागे ठरवून दिलेल्या रकमेपेक्षा जास्त कर इथे गोळा होतो, आणि तो जास्तीचा पैसा या शाळांकडेच राहतो. ऐकायला छान वाटतं. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की नवं मूल आलं तर पैसा वाढत नाही, वाटेकरी वाढतो. म्हणून तर प्रवेशाच्या वेळी पत्त्याचे पुरावे इतके कसून तपासतात, शंका आली तर घरी येऊन बघतात.

आणि ज्या शाळांच्या नावावर घरं महागली, त्याच शाळांत आता मुलं कमी होताहेत. लहान मुलं असलेल्या तरुण जोडप्याला तिथे घर परवडत नाही. ज्यांची मुलं शिकून बाहेर पडली ते घर सोडत नाहीत. कुपर्टिनोच्या प्राथमिक मंडळाला मुलं घटल्यामुळे २०२१ मध्ये काही शाळा बंद करायचा निर्णय घ्यावा लागला. त्याच वर्षी त्या मंडळाने मागितलेल्या जास्तीच्या कराला दोन-तृतीयांश मतं मिळाली नव्हती. तो तक्ता बघताना मला हेच सारखं आठवत होतं. शेवटच्या रकान्यातल्या आकड्यासाठी सगळे धावतात, आणि त्या धावण्यानेच वर्ग रिकामे होतात.

हे सगळं मला कसं ठाऊक, असं विचाराल. तर दोन वर्षांपूर्वी बहिणीबरोबर मी भाच्याकडे चार महिने राहिले होते, तेव्हा शेजारच्या आजींनी सांगितलं. त्यांच्याबद्दल मी इथे कधी लिहिलं नाही, ते आता लिहिते.

आजींची ऐंशी जवळ आलेली. एकट्या. मुलगा दूर दुसऱ्या राज्यात. महिन्यातून एकदा-दोनदा संध्याकाळी लवकर जेवून, स्वेटर चढवून, वही घेऊन गाडी काढायच्या. मी एकदा कुंपणापाशी विचारलं, कुठे निघालात? म्हणाल्या, शाळेच्या मंडळाच्या सभेला. मला वाटलं नातवंडं असतील त्या शाळेत. नव्हती. कोणीच नव्हतं. मग म्हणाल्या, येतेस का?

गेले. फ्रीमाँट अव्हेन्यूवर मंडळाचं कार्यालय आहे, तिथल्या साध्या सभागृहात सभा. समोर पाच जण, शेजारी सुपरिंटेंडेंट, आणि एक विद्यार्थिनी. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने हायस्कूलची मुलं मागणी करून मंडळावर आपला प्रतिनिधी बसवू शकतात. ती मुलगी न अडखळता बोलली. मग लोकांची पाळी. प्रत्येकाला थोडी मिनिटं, समोर घड्याळ. एक बाई उठली, कामावरून तशीच आलेली असावी, हातात डबा होता. ती स्पॅनिशमध्ये बोलली, शेजारी दुभाषी. संध्याकाळी वाचनालय आणखी तासभर उघडं ठेवता येईल का, एवढंच विचारत होती. घरात पाच माणसं आणि एकच टेबल आहे, म्हणाली. पाचही विश्वस्त तिच्याकडे बघत ऐकत होते. आजींनी वहीत लिहून घेतलं. पुढे काय झालं ते विचारायला, असं मला नंतर सांगितलं.

सभागृहातल्या बऱ्याच खुर्च्या रिकाम्या होत्या. आपल्याकडची म्हणावी अशी मी एकटीच, आणि मी तर पाहुणी.

भाच्याला तेव्हाच हे सांगितलं होतं. त्याचं उत्तर, "आम्हाला मत कुठे आहे मावशी? ग्रीन कार्डाच्या रांगेत आहोत." खरं आहे ते. भारतीयांची ती रांग फार लांब आहे आणि त्यात माझ्या ओळखीच्या कितीतरी मुलांची उमेदीची वर्षं गेली. कर भरायचा आणि मत नाही, हा अन्याय मला बोचतो. पण १९५३ चा ब्राऊन कायदा तिथे लागू आहे. त्याप्रमाणे सभा सगळ्यांसाठी खुली ठेवावी लागते, नियमित सभेची कार्यक्रमपत्रिका बहात्तर तास आधी लावावी लागते आणि कोणालाही बोलू द्यावं लागतं. तुम्ही नागरिक आहात का, हे विचारत नाहीत. नाव सांगायचीसुद्धा सक्ती नाही. हीच आपली माणसं तिथे गणपती बसवतात तेव्हा किती झटतात ते मी पाहिलंय. वर्गणी, हॉल, मोदक, ढोल, हिशेब, रात्री बारापर्यंत बैठका. त्यातली एक संध्याकाळ शाळेला दिली तर त्या सभागृहात मराठी कानावर पडेल.

इथे बसून त्यांना बोलायचा मला अधिकार आहे का, असं वाटतं. कारण आपल्याकडे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समित्या दिल्या. त्यात तीन-चतुर्थांश पालक, आणि एकूण सभासदांत निम्म्या बायका असाव्यात, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. मी शिकवत होते त्या शाळेत ती समिती कागदावर अगदी नियमाप्रमाणे होती. सभेच्या दुसऱ्या दिवशी शिपाई वही घेऊन पालकांच्या घरी जायचा आणि सह्या आणायचा. भाजी विकणाऱ्या एका आईने मला विचारलं होतं, बाई, कशावर सही केली मी? त्यावर मी तिला नीट उत्तर दिलं नाही. दहा वर्षं झाली, ते मनातून जात नाही. बहात्तर तास आधी दारावर लावलेला एक कागद त्या बाईसाठी केवढा मोठा झाला असता.

आजींचं अर्धवट राहिलं. परतताना गाडीत त्यांनी सांगितलं, त्या सनीवेल हायस्कूलच्या. ती शाळा १९५६ साली सुरू झाली आणि १९८१ साली, मुलं कमी झाली म्हणून, याच डिस्ट्रिक्टने बंद केली. आता त्या आवारात एक खासगी शाळा भरते. दीड लाख वस्तीच्या सनीवेलच्या हद्दीत या मंडळाचं एकच हायस्कूल उरलं, आणि उत्तरेकडच्या वस्तीतली मुलं कितीतरी लांबून फ्रीमाँटला येतात. बंद करायचं की नाही यावर त्या काळी सभा झाल्या. "मी एकाही सभेला गेले नाही," आजी म्हणाल्या. "मुलगा लहान होता. वाटलं, कोणीतरी जाईल." सिग्नल हिरवा झाला तरी त्यांची गाडी क्षणभर तशीच उभी राहिली. मागच्याने हॉर्न दिला तेव्हा निघाल्या.

घरटी वर्षाला ९८ डॉलर असा जास्तीचा कर तिथल्या मतदारांनी या हायस्कूलांसाठी दोन-तृतीयांश मतांनी मान्य केलाय. वयस्कर लोकांना त्यातून सूट मागता येते. आजींनी कधी मागितली नाही. २०१८ च्या जूनमध्ये इमारतींसाठी साडेसत्तावीस कोटी डॉलरचे रोखे मतदानाला आले होते, तेव्हा त्या घरोघर जाऊन सांगत होत्या. भाच्याच्या दारीही आल्या असतील. त्याला आठवत नाही.

गुरुवारी बहिणीला फोन केला तेव्हा कळलं, आजींच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालीय आणि अंधारात गाडी चालवायची डॉक्टरांनी मनाई केलीय. या महिन्यातली एक सभा त्यांची चुकली. वही टेबलावर ठेवून खिडकीत बसल्या होत्या, असं बहीण म्हणाली.

मी लगेच भाच्याला फोन लावला. म्हटलं, तक्त्याचं राहू दे, घराचं तुम्ही दोघं ठरवा. पुढच्या सभेला आजींना गाडीतून ने. आत बसायचं असेल तर बस, नाहीतर बाहेर थांब, पण घेऊन जा. लेकीलाही ने.

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "किती वाजता असते?"

मी म्हटलं, ते त्यांनाच विचार. कुंपणापलीकडे आहेत.